छापले म्हणजे तपासले?

एरिक फॉन डॅनिकेन हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. त्यांचे पहिले जर्मन पुस्तक १९६८ साली निघाले आणि त्यातल्या कल्पना लवकरच मराठीतही पोचल्या. प्राचीन काळी परग्रहावरून अंतराळवीर आले, त्यांनाच माणसाने देव मानले, आणि पिरॅमिडांपासून दिल्लीच्या लोहस्तंभापर्यंत जे जे थक्क करणारे आहे त्यामागे त्यांचा हात आहे, असे या पुस्तकांचे थोडक्यात सार. पुस्तके हातोहात खपली. पुढे हीच मांडणी दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवर आली आणि तिच्यात आपले वेरूळचे कैलास लेणेही ओढले गेले. आज आठवी-नववीतला एखादा मुलगा वर्गात उठून विचारतो, "सर, कैलास लेणं माणसांनी केलंच नाही ना?" 'कुठे वाचलेस?' म्हटले तर उत्तर तयार असते: "पुस्तकात छापलंय."

या 'छापलंय' शब्दाबद्दलच आम्हाला लिहायचे आहे. सनसनाटी इतिहासाचे पुस्तक वाचावे कसे, हा एक प्रश्न. आणि असे पुस्तक छापले जाते कसे, त्यात पैसा कोण कोणाला देतो, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाकडे शाळेत सहसा कोणी पाहत नाही. पण पहिल्याचे निम्मे उत्तर तिथेच आहे असे आम्हाला वाटते.

एकच विधान, पण मुळापर्यंत

अशा पुस्तकात शेकडो विधाने असतात. सगळ्यांना उत्तर द्यायला बसलो तर आपलीच दमछाक होते, आणि लेखकाला ते सोयीचेच असते. दहा विधाने खोडली तरी 'उरलेल्या नव्वदांचे काय?' असे विचारता येते. म्हणून आमची सूचना अशी, की एकच विधान घ्यावे, आपल्याला तपासता येईल असे घ्यावे, आणि त्याच्या मुळापर्यंत जावे.

डॅनिकेन यांच्या पहिल्या पुस्तकात दिल्लीच्या लोहस्तंभाचा उल्लेख आहे. त्यांचे म्हणणे असे: हा स्तंभ चार हजारांहून अधिक वर्षे उन्हापावसात उभा आहे; तरी त्याच्यावर गंजाचा मागमूस नाही; कारण त्यात गंधक नाही आणि फॉस्फरसही नाही. दिसायला एकच वाक्य आहे, पण त्यात चार स्वतंत्र दावे आहेत. ते सुटे करून पाहू.

पहिला दावा वयाचा. कुतुबमिनारच्या आवारातल्या या स्तंभावर ब्राह्मी लिपीत कोरलेला संस्कृत लेख आहे. त्यात 'चंद्र' नावाच्या राजाची स्तुती आहे. लिपीचे वळण आणि मजकूर पाहून बहुतेक अभ्यासक हा राजा म्हणजे गुप्त घराण्यातला दुसरा चंद्रगुप्त असे मानतात. म्हणजे स्तंभाचे वय सुमारे १६०० वर्षे. चार हजार नव्हे.

दुसरा दावा गंजाचा. स्तंभाच्या उघड्या भागावर गंज जवळजवळ वाढत नाही हे खरे, आणि ते आश्चर्यकारकही आहे. पण 'मागमूस नाही' हे खरे नाही. जमिनीत पुरलेल्या भागावर गंज आढळला आहे. वरच्या भागावरही एक पातळ थर आहेच, आणि हा थरच महत्त्वाचा आहे.

तिसरा दावा गंधकाचा. स्तंभाच्या लोखंडात गंधक फारच कमी आहे. इतपत लेखकाचे म्हणणे ठीक. त्याचे कारणही साधे आहे. हे लोखंड दगडी कोळशावर नव्हे, लाकडी कोळशावर गाळलेले आहे, आणि लाकडी कोळशात गंधक जवळजवळ नसते.

आता चौथा दावा, फॉस्फरसचा. १९१२ साली रॉबर्ट हॅडफील्ड या इंग्रज धातुशास्त्रज्ञाने स्तंभाच्या लोखंडाचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यात फॉस्फरस होता. नंतरच्या तपासण्यांनुसार त्याचे सरासरी प्रमाण ०.२५ टक्क्यांच्या आसपास येते. आजच्या साध्या पोलादात ते ०.०५ टक्क्यांहूनही कमी ठेवतात. म्हणजे ज्या पदार्थाच्या अभावामुळे स्तंभ गंजत नाही असे पुस्तक सांगते, तो पदार्थ त्यात आजच्या लोखंडाच्या पाचपट आहे!

गंमत इथेच संपत नाही. कानपूरच्या आय.आय.टी.मधले प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी २००० सालाच्या सुमारास दाखवून दिले की स्तंभाचे रक्षण करतो तो फॉस्फरसच. लोखंडाच्या पृष्ठभागावर हवा-पाण्याशी होणाऱ्या क्रियेतून लोह-फॉस्फेटचा एक अतिशय पातळ थर हळूहळू तयार होतो. तो घट्ट चिकटून राहतो आणि पुढचे गंजणे रोखतो. दिल्लीची बरीचशी कोरडी हवाही त्याला मदत करते. हा फॉस्फरस आला कोठून? आज भट्टीत चुनखडी टाकतात. ती फॉस्फरस ओढून मळीत नेते. गुप्तकाळातले लोहार चुनखडी वापरत नव्हते, म्हणून धातुकातला फॉस्फरस लोखंडात राहून गेला. सायकलच्या किंवा मोटारीच्या पत्र्याला रंग देण्यापूर्वी फॉस्फेटचे लेपन देतात, तेही याच तत्त्वावर. रसायनशास्त्राच्या तासाला याहून चांगले उदाहरण कुठे मिळणार?

आता हिशेब मांडा. चारपैकी वय चुकीचे, गंजाबद्दलचे विधान अतिशयोक्त, गंधकाबद्दलचे जवळपास बरोबर, आणि फॉस्फरसबद्दलचे नेमके उलटे. बरे, हॅडफील्डचे पृथक्करण पुस्तकाच्या ५६ वर्षे आधी छापलेले होते. परग्रहापर्यंत जाण्याऐवजी एखाद्या चांगल्या ग्रंथालयापर्यंत जाणे पुरेसे होते. १९७४ साली एका अमेरिकन मासिकाने मुलाखतीत विचारले तेव्हा डॅनिकेन यांनी हा लोहस्तंभाचा मुद्दा आता सोडून द्यावा असे सांगून टाकले. पण कबुली एका मासिकात, आणि पुस्तक लाखोंच्या हातात. किती वाचकांपर्यंत ती पोचली असेल?

प्रश्नचिन्हांची करामत

या पुस्तकांचा आणखी एक विशेष विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावा. एखादे प्रकरण घेऊन त्यातली प्रश्नचिन्हे मोजा. पेरूमधल्या नाझ्का पठारावरच्या लांबलचक रेषा म्हणजे विमानतळ तर नसेल? मेक्सिकोतल्या पालेंके येथील थडग्याच्या झाकणावर अंतराळवीर तर कोरलेला नाही? असे विचारून लेखक पुढच्या पानावर जातो, आणि दोन पानांनंतर तोच प्रश्न उत्तर होऊन परत येतो. प्रश्न विचारणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही, ही यातली सोय.

खरे तर हे प्रश्न विचारून तिथेच थांबण्याचे कारण नव्हते. नाझ्काच्या रेषा वरचे गडद दगड बाजूला सारून खालची फिकी माती उघडी पाडून काढलेल्या आहेत; त्या जेमतेम वीतभर खोल आहेत आणि माती भुसभुशीत आहे. जड विमान उतरवण्याची ही जागा नव्हे. १९८२ साली जो निकेल या अमेरिकन अभ्यासकाने हाताशी चार-पाच माणसे घेऊन, दोरी आणि लाकडी खुंट्या एवढ्याच साधनांनी तिथल्या एका पक्ष्याची १३० मीटरहून लांब आकृती एका मैदानावर काढून दाखवली. लहान मापाचा हा प्रयोग शाळेच्या पटांगणावर एका दुपारी करता येईल, आणि भूमितीचे प्रमाणही त्यातून पक्के होईल.

पालेंकेचे झाकण पुस्तकात आडवे छापून दाखवतात. मग यानात वाकून बसलेला माणूस 'दिसतो'. चित्र उभे धरले की माया लोकांच्या इतर शिल्पांत वारंवार येणारा विश्ववृक्ष आणि त्याच्या टोकाचा पक्षी ओळखू येतो. थडगे इसवी सन ६८३ मध्ये मरण पावलेल्या पाकाल राजाचे आहे, हे तिथल्याच लेखांवरून वाचता आले आहे. पिरॅमिडांचे तर विचारूच नका. गिझाला मजुरांच्या वस्तीचे, त्यांच्या भटारखान्यांचे, त्यांच्या थडग्यांचे अवशेष सापडले आहेत. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी सापडलेल्या पपायरसांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. खुफूच्या बांधकामासाठी तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड होडीने गिझाला कसे नेले, याची ती दिवसवार नोंद आहे.

परग्रहवासी पूर्वी येऊन गेले असतील का, हा प्रश्नच विचारू नये असे कोणी म्हणत नाही. श्क्लोव्हस्की आणि कार्ल सेगन या दोन खगोलशास्त्रज्ञांनी १९६६ साली, म्हणजे डॅनिकेन यांच्याही आधी, आपल्या पुस्तकात तो विचारला होता. पण कोणता पुरावा मिळाला तर तो मान्य करावा, आणि नुसत्या दंतकथा त्यासाठी का पुरत नाहीत, याचीही चर्चा त्यांनी केली. प्रश्न तोच, फरक आहे तो आपल्याच कल्पनेला कसोटी लावण्याच्या तयारीत.

घरचीच उदाहरणे

हे सगळे परदेशी खूळ आहे असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचे उदाहरण घ्या. भरद्वाज ऋषींचा म्हणून सांगितला जाणारा हा संस्कृत ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तोंडी सांगून लिहवून घेतला. १९७४ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या एच. एस. मुकुंद आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा अभ्यास शिक्षकांनी आवर्जून मिळवून वाचावा असा आहे. या मंडळींनी ग्रंथाची टर उडवली नाही. त्याची भाषा पाहिली, तो लिहिला कसा गेला याची माहिती माहीतगारांकडून घेतली, आणि त्यात दिलेल्या मापांची विमाने उडू शकतील का याचे गणित मांडले. निष्कर्ष असा निघाला: भाषा वैदिक नाही, ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही, आणि वर्णन केलेल्या चारपैकी एकही विमान उडणार नाही. हे सगळे छापलेले असतानाही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसच्या अधिवेशनात प्राचीन विमानांवरचा निबंध वाचला गेलाच.

मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवले, ही कथाही अशीच पुस्तकातून पुस्तकात जाते. तळपदे होऊन गेले आणि त्यांना विमानविद्येचे वेड होते, यात शंका नाही. पण विमान उडाले असे म्हणणाऱ्याने त्या दिवसांच्या वृत्तपत्राचा अंक, तारीख आणि उतारा पुढे ठेवला पाहिजे. 'केसरीत आले होते' एवढे म्हणणे म्हणजे पुरावा नव्हे. ती पुराव्याकडे जाण्याची वाट झाली, आणि सांगणाऱ्याने ती आधी स्वतः चालायची असते.

तिसरा प्रकार शब्दसाधर्म्याचा. पु. ना. ओक यांच्या पुस्तकांत 'व्हॅटिकन' म्हणजे 'वाटिका', 'ख्रिश्चॅनिटी' म्हणजे 'कृष्णनीती' अशा जोड्या लावून जगाचा इतिहास नव्याने सांगितला आहे. वाचताना मौज वाटते. पण नुसता आवाज जुळल्याने नाते सिद्ध होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबारम या मूळ रहिवाशांच्या भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणत, आणि त्याचा इंग्रजीशी काडीचाही संबंध नाही. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एकच, तरी भाषाशास्त्रज्ञ त्यांना एकमेकांचे नातलग मानत नाहीत. नाते ठरते ते अनेक शब्दांत एकाच नियमाने होणाऱ्या ध्वनिबदलांवरून. अष्ट-आठ, सप्त-सात, हस्त-हात अशी ओळ मुलांना फळ्यावर लिहून दाखवली तर नियम म्हणजे काय ते लगेच कळते.

श्रेय कोणाचे?

'वाचेनात का बिचारे, करमणूक होते, कोणाचे काय बिघडते?' असे म्हणणारे भेटतात. बिघडते ते असे. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात प्रामुख्याने कोरले गेले. पुढे ८१२-१३ च्या सुमाराच्या बडोदा ताम्रपटात कृष्णराजाने एलापूर येथे करवलेल्या देवालयाचे वर्णन आहे. ते पूर्ण झाल्यावर 'हे माझ्या हातून कसे घडले?' असे खुद्द कारागिरालाच वाटले, असा त्याचा भाव आहे. आपल्या 'कथाकल्पतरू'तल्या कथेतही पैठणचा कोकस नावाचा कारागीर येतो आणि शिखरापासून खाली कोरत जातो. कथा ही कथाच. पण बेसॉल्टचा डोंगर वरून खाली कोरायचा, म्हणजे पराती बांधाव्या लागत नाहीत, ही गोष्ट लोकांच्या ध्यानात होती असे तिच्यावरून दिसते. अजिंठ्याची २४ क्रमांकाची अर्धवट राहिलेली लेणी पाहिली तर काम कोणत्या क्रमाने चाले हे छिन्नीच्या खुणांसकट दिसते.

या सगळ्याकडे पाठ फिरवून 'हे माणसाचे काम नव्हे' असे म्हणणे म्हणजे पाथरवटाचे, लोहाराचे, मुकादमाचे श्रेय काढून घेणे. ज्यांची नावे इतिहासाने मुळातच लिहून ठेवली नाहीत, त्यांचे हातही नाकारणे. मुलांना सहलीला नेऊन आपण हे दाखवणार असू, तर ते कोणी आणि कसे केले याबद्दल खोटे सांगणाऱ्या पुस्तकाशी आपले भांडण असलेच पाहिजे.

पैसे कोण कोणाला देतो?

आता दुसरा प्रश्न. असे पुस्तक छापले जाते तेव्हा ते कोणी तपासत नाही का?

डॅनिकेन यांचे हस्तलिखित अनेक प्रकाशकांनी परत केले होते. ज्याने घेतले त्याने ते एका व्यावसायिक लेखकाकडून नव्याने लिहवून घेतले. म्हणजे भाषेवर मेहनत झाली, पैसाही खर्च झाला. फॉस्फरसचा आकडा मात्र कोणी पाहिला नाही. कारण पुस्तक खपायला त्याची गरज नव्हती. इथे प्रकाशक वाचकाकडून पैसे मिळवतो, आणि वाचकाला थरार हवा असतो.

दुसरे एक दार आहे. तिथे प्रकाशक खुद्द लेखकाकडूनच पैसे मिळवतो. हस्तलिखित पाठवले की आठवडाभरात स्तुतीने भरलेले पत्र येते. मग 'सहयोग निधी' किंवा 'पॅकेज' कळवले जाते: मुखपृष्ठ, छपाई, प्रकाशन समारंभ, वर एखादे सन्मानपत्र, आणि काहीशे प्रती लेखकानेच विकत घ्यायच्या. त्या पुढे घरात पलंगाखाली राहतात, नाहीतर शाळांच्या ग्रंथालयांना सप्रेम भेट जातात. या व्यवहारात लेखक हाच गिऱ्हाईक असतो. प्रकाशकाचा नफा पुस्तक खपण्याआधीच हाती आलेला असतो. मग हस्तलिखित नाकारून त्याने स्वतःचे नुकसान का करून घ्यावे?

हे किती थराला जाते याचा एक प्रयोगच अमेरिकेत झाला. पब्लिशअमेरिका ही कंपनी लेखकाकडून छपाईचे पैसे मागत नसे, आपण हस्तलिखिते पारखून घेतो असेही सांगे. पण तिची पुस्तके प्रामुख्याने लेखकच विकत घेतात असा तिच्यावर आक्षेप होता. विज्ञानकथालेखक दर्जा पाळत नाहीत अशा आशयाची टीकाही तिने केली होती. तेव्हा जेम्स मॅकडोनाल्ड यांच्या पुढाकाराने काही विज्ञानकथालेखक एकत्र आले आणि त्यांनी मुद्दाम, ठरवून, होता होईल तेवढी वाईट कादंबरी लिहिली. तिचे नाव 'अटलांटा नाइट्स'. प्रत्येक प्रकरण वेगळ्याने लिहिलेले, एक प्रकरण गायब, एक जसेच्या तसे दोनदा, आणि एक चक्क संगणकाने शब्द जुळवून तयार केलेले. डिसेंबर २००४ मध्ये कंपनीने कादंबरी स्वीकारल्याचे कळवले! जानेवारी २००५ मध्ये लेखकांनी बिंग फोडल्यावर दुसऱ्याच दिवशी स्वीकृती मागे घेतली गेली. एकच प्रकरण दोनदा आले आहे हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. कोणीतरी वाचावे लागते, एवढेच.

म्हणजे दारे दोन, पैशाची दिशा दोन्हीकडे वेगळी, पण परिणाम एकच. ज्याचा ना विक्रीत फायदा ना लेखकाशी व्यवहार, असा तपासणारा तिसरा माणूस दोन्हीकडे गैरहजर असतो.

आकडा म्हणजे दाखला नव्हे

'पण पुस्तकाला आय.एस.बी.एन. क्रमांक आहे!' असे आम्हाला अनेकदा ऐकवले जाते. हा क्रमांक म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, गाडीच्या पाटीसारखा. गाडीवर पाटी आहे म्हणून ब्रेक चांगले आहेत असे कोणी म्हणत नाही. आपल्या देशात राजा राममोहन राय यांच्या नावाची सरकारी यंत्रणा तो देते, आणि त्यासाठी शुल्क घेत नाही. मजकूर खरा की खोटा हे पाहणे तिचे कामच नाही. तेव्हा 'पॅकेज'मध्ये या क्रमांकाचे वेगळे पैसे लावलेले दिसले तर सावध व्हावे.

या क्रमांकाचा वर्गात एक चांगला उपयोग होतो. तेरा अंकांपैकी पहिला अंक एकने गुणा, दुसरा तीनने, तिसरा एकने, चौथा तीनने, असे शेवटपर्यंत करत जा. सगळ्यांची बेरीज दहाने भागली जायला हवी. ९७८०३०६४०६१५७ हा क्रमांक घेतला तर बेरीज १०० येते. एखादा अंक चुकवून पाहा, बेरीज लगेच बिघडते. या युक्तीने क्रमांक लिहिताना झालेली चूक पकडली जाते. पुस्तकातली चूक पकडणारी अशी युक्ती मात्र नाही. तिथे वाचावेच लागते.

हा विषय शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा आहे, कारण गिऱ्हाईक म्हणून आपणही त्यांच्या नजरेत असतो. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत महाविद्यालयीन शिक्षकांच्या बढतीसाठी प्रकाशनांना गुण ठेवले गेले, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे आणि 'संपादित ग्रंथां'चे पीक आले. बढतीसाठी पैसे भरून छापलेला लेख ज्याच्या खात्यावर आहे, तो विद्यार्थ्याला 'छापलेले सगळे खरे नसते' हे कोणत्या तोंडाने सांगणार?

स्वखर्चाने छापणे वाईट का?

मग स्वतःच्या पैशाने पुस्तक छापणे हाच दोष मानायचा का? मुळीच नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, आणि भाषणाचा मसुदा पाहून अधिवेशनच रद्द केले. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने पुस्तिकारूपात छापले, पंधराशे प्रती काढल्या. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' ती हीच. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींनी केलेली टीका आणि तिला दिलेले आपले उत्तर, दोन्ही छापले. विरोधकाचे म्हणणे आपल्याच पुस्तकात वाचकापुढे ठेवले. निवाडा वाचकावर सोडला.

तेव्हा पैसे कोणी दिले यावरून पुस्तक खरे की खोटे ते ठरत नाही. पैशाचा माग आपल्याला एवढेच सांगतो, की छापण्यापूर्वी तपासणी झाली असेल असे गृहीत धरता येईल की नाही. ती झाली नसेल तर मग कसोटी एकच उरते: लेखकाने वाचकासाठी तपासण्याची वाट मोकळी ठेवली आहे का? विधान कोठून घेतले ते सांगितले आहे का? विरुद्ध पुरावा दिला आहे का? कोणती गोष्ट सापडली तर आपले म्हणणे सोडून देऊ, हे लेखक सांगतो का? आधीच्या आवृत्तीतली चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झाली आहे का? मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या पुस्तकालाही हेच विचारावे, भेट आलेल्या पुस्तिकेलाही हेच, आणि आमच्या या लेखालाही.

शाळेच्या कपाटात असे एखादे पुस्तक असले तर ते काढून टाकावे, असे आम्ही सुचवणार नाही. बंदी घातलेले पुस्तक मुले दुप्पट आवडीने वाचतात. त्याऐवजी नववीच्या चार-पाच मुलांना त्यातले एक विधान निवडू द्या, एकच. महिनाभर त्यांना ते शोधू द्या: ग्रंथालयात, संग्रहालयात, एखाद्या तज्ज्ञाला पत्र लिहून. जे सापडेल ते एका पानावर, स्रोतांसह, नीट अक्षरात लिहू द्या. लेखकाचे म्हणणे बरोबर निघाले तर तसेही लिहू द्या. मग ते पान मुलांच्या नावानिशी आणि तारखेनिशी त्या पुस्तकातच, त्या विधानाजवळ चिकटवा, आणि पुस्तक पुन्हा कपाटात ठेवा.